लाईट गेल्यावर आपोआप उठणारा बोर्ड : प्रोसेसर निवडीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

काम पक्कं झालं. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये संकलनाच्या टेबलावर ठेवायचं एक युनिट. इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन घ्यायचं, फॅट मशिनकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, दरपत्रक लावून रक्कम काढायची, पावती छापायची, आणि नेट असेल तेव्हा सगळं संघाच्या सर्व्हरला पाठवायचं. नेट नसेल तर साठवून ठेवायचं. दहा दिवसांनी बिल निघतं, तेव्हा एकाही सभासदाचं एकही माप गहाळ असता कामा नये.

सध्या तिथं जी युनिटं आहेत त्यांच्याबद्दल तक्रार एकच : लाईट जाऊन आली की कधी कधी उठत नाही. स्क्रीन काळी, नाहीतर इंग्रजी अक्षरांच्या रांगा येऊन मध्येच थांबलेली. सचिव प्लग काढून पुन्हा घालतात. कधी चालतं, कधी माणूस पाठवावा लागतो, आणि तोवर वहीत पेनानं नोंदी. आत मेमरी कार्डावर चालणारं लिनक्स आहे.

त्यामुळं या खेपेला गरजांच्या कागदावर पहिली ओळ वेगाची किंवा मेमरीची नाही. लाईट कधीही, कशीही, कितीही वेळा जावो, माणसाचा हात न लागता दीड मिनिटाच्या आत संकलनाची स्क्रीन परत आली पाहिजे. बाकीच्या गरजा तिच्याखाली.

१२ जून

दिवसभर एकच वाद. ऑपरेटिंग सिस्टीम हवी का, आणि हवी तर केवढी.

सरांचं म्हणणं : कॉर्टेक्स-एम वर्गातला मायक्रोकंट्रोलर (मेमरीसकट एकाच चिपमधला छोटा संगणक) घ्या, त्यावर फ्रीआरटीओएस ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम टाका, विषय संपला. त्यांची बाजू लंगडी नाही. फ्रीआरटीओएस २००३ पासून वापरात आहे, २०१७ पासून ॲमेझॉन ते सांभाळतं. त्याच जातीचं झेफिर हवं असेल तर तेही २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. अशा चिपमध्ये प्रोग्रॅम आतल्याच फ्लॅशमध्ये, रॅमही आतच. लाईट आली की काही मिलिसेकंदांत काम सुरू. बिघडायला फाइल सिस्टीमच नाही.

माझी अडचण पावतीपाशी आहे. पावती मराठीतच हवी, यावर संस्था ठाम आहेत. थर्मल प्रिंटरच्या आत सहसा देवनागरी नसते, आणि सभासदांच्या यादीत ज्ञानेश्वर, दत्तात्रय, श्रीकृष्ण, लक्ष्मीबाई पानोपानी. म्हणजे प्रत्येक ओळ चित्र म्हणून पाठवायची : ५८ मिमी कागदाच्या प्रिंटरवर ३८४ ठिपक्यांची एक रांग, अशा रांगांवर रांगा. जोडाक्षरं नीट बसवायला हार्फबझ आणि फ्रीटाइप या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररी लागतात. लिनक्सवर ही दोन तयार पॅकेजं. मायक्रोकंट्रोलरवर ती बसवता येतात, नाही असं नाही. पण त्यासोबत फोरजी मोडेम, टीएलएस (नेटवरची सुरक्षित जोडणी), एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस), यूएसबी कीबोर्ड हे सगळं आपणच बसवायचं आणि पुढची दहा वर्षं आपणच सांभाळायचं. टीम दोन माणसांची. भरवसा चिपचा मिळेल, कोडचा कुठून आणायचा?

मग मधला मार्ग निघाला : मायक्रोकंट्रोलरवरच लिनक्स. एमएमयू (प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखणारा भाग) नसलेल्या चिपवर लिनक्स चालतं हे खरं आहे. ते काम २००२ मध्येच मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलं, आणि एसटीएम३२एफ४२९ सारख्या चिपवर लोक ते चालवतात. पण एमएमयू नाही म्हणजे प्रोसेसमध्ये भिंती नाहीत. प्रिंटरच्या कोडमधला एक भरकटलेला पॉइंटर हिशोबाच्या मेमरीत लिहून जाईल आणि कोणी अडवणार नाही. फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं) नाही, फक्त त्याचा तोकडा भाऊ व्हीफोर्क. महिनोन्‌महिने चालू राहिल्यावर मेमरीचे तुकडे पडतात, ते पानांची हलवाहलव करून जोडता येत नाहीत. प्रयोगाला छान. गावात ठेवायला नाही.

निर्णय : लिनक्स, आणि लिनक्स म्हणजे एमएमयूसह, म्हणजे कॉर्टेक्स-ए किंवा त्याच्या जवळपासचं काही.

रिअल-टाइमचा मुद्दाही निघाला, तो लगेच मिटला. काटा ९६०० बॉडनं (सेकंदाला ९६०० बिट) बोलतो, म्हणजे साधारण एका मिलिसेकंदाला एक बाइट. एवढ्यासाठी प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सला ठरल्या वेळेत उत्तर द्यायला लावणारा भाग, नको. ते नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये मुख्य झाडात (लिनक्सच्या अधिकृत कोडमध्ये) आलं, पण त्या आवृत्तीत ३२ बिट आर्मसाठी नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

१८ जून

उमेदवारांची यादी.

ईएसपी३२ सगळ्यात आधी बाद. ५२० केबी रॅम. वर ठरवलेल्या गोष्टी त्यात मावत नाहीत. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेच्या थेजस३२ चा विचार मनात आला. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, चिप आपल्याकडची, रिस्क-व्ही या खुल्या आराखड्यावरची. पण ती १०० मेगाहर्ट्झची, २५६ केबी एसरॅमची मायक्रोकंट्रोलर आहे, तिचं काम वेगळं. काटा वाचणारं छोटं कार्ड कधी बनवलं तर बघू.

ऑलविनरच्या एफ१सी१००एस आणि व्ही३एस या दोन चिप किमतीमुळं मोह पाडतात. पहिलीत ३२ एमबी आणि दुसरीत ६४ एमबी रॅम पॅकेजातच, दोन्हींचे जोड कडेला दिसतात, कोल्हापुरातला चांगला कारागीर हातानं सोल्डर करेल. मेमरीच्या तारा ओढायचा त्रास नाही. पण सिरीयल पोर्ट तीन-तीनच. मला काटा, फॅट मशिन, बाहेरचा मोठा आकड्यांचा डिस्प्ले, प्रिंटर, डीबग कन्सोल आणि एक राखीव असे सहा तरी हवेत.

एएम३३५एक्स : बीगलबोन ब्लॅकमधला, एक कॉर्टेक्स-ए८ कोअर, सहा यूएआरटी (सिरीयल पोर्ट). जुना, मळलेल्या वाटेवरचा. एसएएमए५डी२ : कॉर्टेक्स-ए५, ५०० मेगाहर्ट्झ, डीडीआर२ रॅम पॅकेजातच असलेली आवृत्ती मिळते. एसटीएम३२एमपी१५७ : दोन कॉर्टेक्स-ए७ आणि शेजारी एक कॉर्टेक्स-एम४. आय.एमएक्स ६यूएलएल : एक कॉर्टेक्स-ए७, आठ यूएआरटी, दोन इथरनेट, खाली सोल्डरच्या २८९ गोळ्या असलेलं, ०.८ मिमी अंतराचं पॅकेज. आणि सगळ्यांचा लाडका, रास्पबेरी पायचा सीएम४ : चार कॉर्टेक्स-ए७२, दीड गिगाहर्ट्झ.

सरांनी सीएम४ वर बोट ठेवलं. "हा असताना बाकीचे कशाला?"

मी म्हटलं, "सर, आपल्याला पावत्या छापायच्या आहेत. एवढी ताकद फक्त उष्णता आणि वॅट वाढवेल. शिवाय त्याचं बूट आधी ग्राफिक्सच्या भागातल्या बंद फर्मवेअरमधून जातं. तिथं अडकलं तर मला आत बघता येत नाही."

"अडकेल कशाला?"

"आत्ताची युनिटं कशाला अडकतात, हेच तर शोधायचंय."

यावर ते हसले, पण यादीतून सीएम४ काढू दिला नाही. राहू दे.

२५ जून

आठवडाभर फक्त वाचन. डेटाशीटचं पहिलं पान सगळ्यांचं सुंदर असतं. मी वाचतोय ती शेवटची कागदपत्रं : चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी, म्हणजे एराटा. एराटा लांब असली म्हणून चिप वाईट ठरत नाही. उलट लांब, बारकाईनं लिहिलेली, प्रत्येक दोषापुढं तोडगा आणि तो कर्नलमध्ये आहे की नाही हे सांगणारी यादी पाहून मला बरं वाटतं. म्हणजे कोणीतरी ती चिप हजारो ठिकाणी वापरून झोप मोडून घेतली आहे. ज्या चिपची एराटा दोन पानांची, तिच्यात दोष कमी असतात असं नाही. ते शोधायची पाळी आपल्यावर येते, एवढंच.

दुसरी चाळणी : उत्पादकाच्या स्वतःच्या जुन्या कर्नलशिवाय, मुख्य लिनक्स झाडातल्या कर्नलवर चिप पूर्ण उठते का? एएम३३५एक्स, ६यूएलएल, एसएएमए५डी२, एसटीएम३२एमपी१ चारही उठतात. इथं माझ्या दृष्टीनं यादी संपली. बाकी कोणी कितीही स्वस्त असो, कुणा एकाच्या सर्व्हरवरच्या टारबॉलवर (कोडच्या गठ्ठ्यावर) दहा वर्षांचं यंत्र उभं करायचं नाही.

४ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण खरा मुद्दा सापडल्यासारखं वाटतंय.

आतापर्यंत प्रश्न असा विचारत होतो : "ही चिप लिनक्स चालवते का?" तो बदलून असा केला : "लिनक्स मेल्यावर ही चिप, तिच्या आजूबाजूच्या सगळ्या भागांसह, पुन्हा पहिल्या अवस्थेत येते का?" मग स्कीमॅटिक समोर घेऊन फक्त रीसेटच्या तारा रंगवल्या. कुठल्या भागाला रीसेट पोचतो, कुठल्याला नाही.

प्रोसेसरच्या आतला वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की रीसेट देणारा पहारेकरी, चावला की काय होतं? प्रोसेसर रीसेट होतो. फक्त प्रोसेसर. त्याच्या बाजूच्या फ्लॅशला, ईएमएमसीला (बोर्डावरच्या मोठ्या साठवण चिपला), मोडेमला काही झालं हे कळतही नाही. त्यांना वीज चालूच असते.

याचं नेहमीचं उदाहरण एसपीआय नॉर फ्लॅशचं, म्हणजे बूटचा कोड ठेवायच्या छोट्या मेमरीचं. तीन बाइटच्या पत्त्यानं १६ एमबीपर्यंतच पोचता येतं. त्याहून मोठी फ्लॅश लावली की लिनक्सचा ड्रायव्हर तिला चार बाइटच्या पत्त्याच्या अवस्थेत नेऊ शकतो. सगळं छान चालू असतं. मग कर्नल अडकतं, वॉचडॉग चावतो, प्रोसेसर उठतो, त्याचा बूट रॉम (चिपमधला कायमचा पहिला कोड) तीन बाइटचा पत्ता देतो, आणि फ्लॅश चौथ्या बाइटची वाट बघत बसते. बोर्ड गप्प. ज्या वॉचडॉगनं वाचवायचं त्यानंच पुरलं. प्लग काढून घातला की फ्लॅशची वीज जाते, ती मूळ अवस्थेत येते, आणि बोर्ड उठतो. सचिवांचा उपाय तंत्रदृष्ट्या अचूक आहे! लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) अशा बोर्डांसाठी "ब्रोकन फ्लॅश रीसेट" नावाची खूणच आहे, म्हणजे दुखणं किती पसरलेलं असेल ते बघा.

ईएमएमसीची गंमत वेगळी. तिला रीसेटचा पाय असतो, पण कारखान्यातून येताना तो बंद असतो. आतल्या एक्स्ट-सीएसडी रजिस्टरचा १६२ वा बाइट लिहून तो चालू करावा लागतो, आणि ते एकदाच करता येतं, परत फिरता येत नाही. पायाला तार जोडलेली असते, स्कीमॅटिक तपासणारा खूश असतो, आणि पाय प्रत्यक्षात बधिर. उत्पादनाच्या वेळच्या स्क्रिप्टमध्ये ही एक ओळ घालायची, हे लाल पेनानं लिहून ठेवलं.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. काम कमी असताना लिनक्स प्रोसेसरचा वेग आणि कोअरचं व्होल्टेज खाली आणतं. व्होल्टेज बाहेरच्या पॉवर चिपकडून येत असेल आणि नेमक्या खालच्या व्होल्टेजवर असताना वॉचडॉग चावला, तर प्रोसेसर रीसेट होऊन वरच्या वेगानं उठायला बघतो आणि व्होल्टेज मात्र खालीच. आय.एमएक्स६ कुळात यासाठी वॉचडॉगचा इशारा बाहेरच्या पायावर काढून पॉवर चिपलाच रीसेट करायची सोय आहे, आणि कर्नलच्या ड्रायव्हरमध्येही तिला आधार आहे. हे वाचल्यावर ६यूएलएल माझ्या यादीत वर सरकला. चिप बिनचूक म्हणून नव्हे. कुठं चुकते आणि तारा कुठं जोडायच्या, हे छापून ठेवलंय म्हणून.

११ जुलै

बोर्ड आले. दोन प्रकारचे : एक ६यूएलएलचं मॉड्यूल, एक एसटीएम३२एमपी१५७ चं. एएम३३५एक्स बाजूला ठेवला, सहा यूएआरटी म्हणजे गरजेपुरतेच, वाढीव काहीच नाही. एसएएमए५डी२ मनातून जात नाही, पण दोनच प्रकार तपासायला वेळ आहे.

पाऊस कोसळतोय. पंचगंगा पात्राबाहेर. चाचणीला लाईट बनावट घालवायची गरज पडेल असं वाटत नाही.

२२ जुलै

तरीही चाचणीचा सांगाडा बांधला. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक रिले, आणि बोर्डाच्या कन्सोलवर कान. बोर्ड उठला की मधूनच कुठल्याही क्षणी वीज तोडायची, थोडं थांबून परत द्यायची, उठला का बघायचं, वेळ लिहायची. रात्रंदिवस. बूटलोडरच्या (कर्नलला उठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मध्ये, कर्नल सुटताना, डेटाबेसमध्ये लिहिताना, सगळीकडे घाव बसले पाहिजेत.

झटक्यात वीज तोडली तर दोन्ही बोर्ड उठतात. निमूटपणे, पुन्हा पुन्हा. मजा आली नाही.

मग डिमरस्टॅट काढला. २३० वरून हळूहळू खाली, रेंगाळत, थोडं वर, परत खाली. गावातली लाईट अशीच जाते; मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो, मग परत येतो. आणि इथं खरी करामत दिसली. बारा व्होल्टचा ॲडाप्टर उचक्या द्यायला लागतो, ३.३ व्होल्टची लाइन मध्येच लोंबकळते, प्रोसेसर स्वतः रीसेट होण्याइतकं काही घडत नाही, पण २.७ व्होल्टच्या खाली ईएमएमसीनं काम केलंच पाहिजे असं नाही. ती गप्प झाली, कर्नल तिची वाट बघत लटकलं, आणि व्होल्टेज परत आलं तरी लटकलेलंच. हुबेहूब गावातली तक्रार.

उपाय प्रोसेसर बदलण्यात नाही. ३.३ व्होल्टवर नजर ठेवणारा एक सुपरवायझर : टीपीएस३८२३ च्या ३.३ व्होल्टच्या आवृत्तीचा उंबरा २.९३ व्होल्ट, म्हणजे ईएमएमसी हात टेकायच्या आधीच सगळ्यांना रीसेट, आणि वीज स्थिरावल्यावर २०० मिलिसेकंद थांबून सोडणार. चिमूटभर चिप. ती लावून तोच डिमरस्टॅटचा खेळ पुन्हा केला, लटकणं थांबलं.

एका संस्थेच्या सचिवांशी फोन झाला. त्यांना सांगितलं, लाईट गेली तरी आता युनिट उठेल. ते म्हणाले, "साहेब, लाईट गेली तर चालंल ओ. पावती दिली आन् नोंद गेली, तर लोक मला खातील."

याचा विचार वेगळा करावा लागेल.

३१ जुलै

नोंद जाऊ नये म्हणून काय.

पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच : वीज गेल्यावर थोडा वेळ बोर्ड जिवंत ठेवायचा. हिशोब केला. बारा व्होल्टच्या लाइनवर ४,७०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ६ व्होल्टपर्यंत वापरला तर हाती येतो पाव ज्यूल. बोर्ड दोन वॅट खातो, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. गळती धरली तर दहावा. ईएमएमसी आतली साफसफाई काढून बसली असेल तर एवढ्यात तिचं लिखाण पुरं होईल याची हमी नाही. सुपरकॅप (खूप मोठ्या क्षमतेचे कॅपॅसिटर) लावले, ५ फॅरडचे दोन एकापुढं एक, तर ५ व्होल्टवरून साडेतीनपर्यंत जवळपास १६ ज्यूल, सात-आठ सेकंद. ऐसपैस. पण तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि युनिट पत्र्याच्या शेडमध्ये असणार. पाच वर्षांनी त्यांच्यात किती जीव उरेल ते बाहेरून दिसत नाही. न दिसणारा आधार मला नको.

दुसरा रस्ता फेरॅमचा. एसपीआयवर बसणारी ३२ केबीची छोटी मेमरी. लिहायला वाट बघावी लागत नाही, झिजायची चिंता नाही, वीज गेली तरी मजकूर राहतो. एक नोंद ६४ बाइटची केली तर ४०० सभासदांची एक पूर्ण पाळी २५,६०० बाइटमध्ये बसते. म्हणजे क्रम असा : माप पक्कं झालं की आधी फेरॅममध्ये, तपासणी बेरजेसकट. मग पावती. मग सवडीनं एसक्यूलाइट. बूट झाल्यावर फेरॅम आणि डेटाबेस ताडून बघायचे, राहिलेलं भरायचं. कागद प्रिंटरबाहेर आला म्हणजे नोंद आत आहेच, एवढं सचिवांना छातीठोकपणे सांगता येईल.

ईएमएमसीवर मूळ सिस्टीम फक्त वाचण्यापुरती, स्क्वॉशएफएस या फाइल सिस्टीमवर. बूटलोडर तिच्या बूट विभागात, दर वेळी वीज आली की लिहिण्याला कुलूप. डेटाचा विभाग एसएलसीसारखा, म्हणजे एका पेशीत एकच बिट ठेवून, चालवायचा. जागा निम्म्याहून कमी उरते, पण आपल्याला हवीच किती. हीसुद्धा एकदाच करायची सेटिंग, तीही त्याच स्क्रिप्टमध्ये.

८ ऑगस्ट

गरमीची चाचणी. विक्रेते "इंडस्ट्रियल ग्रेड" म्हणत वरची किंमत लावतात, म्हणून कागदावर मांडलं : शेडमध्ये मे महिन्यात ४५ अंश, बंद डब्यात त्यावर १५, म्हणजे चिपभोवती ६०. ६यूएलएलच्या इंडस्ट्रियल आवृत्तीला आतलं तापमान १०५ पर्यंत चालतं, कमर्शियलला ९५. दोन वॅटच्या बोर्डाला दोन्हीत जागा आहे. डीडीआर३ ला ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेगानं लागतो, ७.८ ऐवजी ३.९ मायक्रोसेकंदांनी, तिथवर आपण जात नाही. तरी इंडस्ट्रियलच घेणार, किमतीतला फरक एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा मोठा नाही.

डीडीआरचं कॅलिब्रेशन मात्र आपल्याच बोर्डावर, गरम पेटीत ठेवून, मेमरी घासणारे प्रोग्रॅम रात्रभर चालवून केलं. लिनक्सच्या "कधीतरी अचानक" येणाऱ्या दुखण्यांमध्ये मेमरीच्या काठावरच्या टायमिंगचा वाटा मोठा असतो, आणि लोक दोष कर्नलला देतात.

डब्याची छिद्रं छोटी करायला उद्यमनगरात सांगून आलो. पाली आणि मुंग्यांना गरम रिले फार आवडतात.

२० ऑगस्ट

वॉचडॉग.

६यूएलएलचा आतला वॉचडॉग अर्ध्या सेकंदापासून १२८ सेकंदांपर्यंत लावता येतो. चांगला आहे, चालू ठेवणार. पण ४ जुलैच्या नोंदीत लिहिलेलं दुखणं त्यानं मिटत नाही, म्हणून बाहेर दुसरा पाहिजे. सुपरवायझर चिपमध्येच वॉचडॉग आहे, पण तो १.६ सेकंदांचा. बूटलोडर कर्नल उघडून त्याच्या हाती कारभार देईपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो. त्याचा पाय मोकळा सोडला की तो बंद राहतो. तसाच सोडला, फक्त व्होल्टेजची राखण त्याच्याकडे.

राखणदार म्हणून एक एसटीएम३२जी० मायक्रोकंट्रोलर लावला. वीज आल्यावर ९० सेकंदांची मुभा, त्यानंतर दर दहा सेकंदांत एक इशारा हवा. आला नाही तर तो रीसेट देत नाही. मुख्य स्विचच बंद करतो, दोन सेकंद थांबतो, चालू करतो. प्रोसेसर, ईएमएमसी, मोडेम, सगळ्यांची वीज जाते. सचिवांचा प्लग काढून घालायचा उपाय बोर्डावरच आणला. यूएसबी मोडेम बावचळल्यावर यापेक्षा चांगला इलाज मला माहीत नाही.

इथंच एसटीएम३२एमपी१५७ मागं पडला. त्याच्या पोटात एम४ आहे, मग बाहेर वेगळा मायक्रोकंट्रोलर का, असा सरांचा रास्त सवाल. पण त्या एम४ ला सहसा ए७ च उठवतो, दोघांची वीज एक, रीसेट एक. एकाच चुलीवरची दोन भांडी. चूल विझली की दोन्ही गार. मला राखणदार वेगळ्या घरचा हवा. मोटर चालवायची असती, वेगानं काही मोजायचं असतं, तर तीच चिप घेतली असती.

इशारा कोणी द्यायचा, हे हार्डवेअरपेक्षा महत्त्वाचं. वेगळा डिमन (मागं चालत राहणारा प्रोग्रॅम) ठेवून दर पाच सेकंदांनी इशारा देणं म्हणजे मुख्य प्रोग्रॅम मेला तरी सगळं ठीक असल्याचं सांगत राहणं. म्हणून इशारा मुख्य प्रोग्रॅमच्याच फेऱ्यातून, आणि तोही तीन गोष्टी जमल्यावर : सिरीयल पोर्ट वाचून झाले, फेरॅमला हात लागला, डेटाबेसमध्ये एक ओळ खरंच लिहिली गेली. प्रिंटरमधला कागद संपला, नेट गेलं, या गोष्टी यात मोजायच्या नाहीत. नाहीतर कागद संपला म्हणून युनिट रात्रभर स्वतःला बंद-चालू करत बसेल.

२ सप्टेंबर

अपडेटचं ठरलं. सिस्टीमच्या दोन प्रती. नवी नेहमी न वापरत्या जागी लिहायची, आणि यू-बूट हा बूटलोडर बूटची मोजणी ठेवणार. तीन वेळा उठता आलं नाही तर जुनीवर परत. त्यासाठी राउक हे अपडेटचं साधन वापरतोय.

कर्नल ६.१ चा, कारण सीआयपीवाले (लिनक्स फाउंडेशनचा औद्योगिक प्रकल्प) तो दहा वर्षं सांभाळणार आहेत. मुख्य झाडातल्या दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत आता पूर्वीइतकी लांब नसते, हे नवीन प्रकल्पवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आणखी एक, ३२ बिट चिप घेतोय म्हणून : १९ जानेवारी २०३८. जुन्या पद्धतीनं वेळ मोजणारं ३२ बिट यंत्र त्या दिवशी १९०१ सालात जातं. आज बसवलेलं युनिट तेव्हा चालू असणं अजिबात अशक्य नाही. कर्नलमधलं काम २०२० मधल्या ५.६ मध्ये पुरं झालं, मसल सी लायब्ररीनं १.२ पासून ६४ बिट वेळ घेतली. आम्ही मसलच घेतोय. घड्याळ पुढं नेऊन फेब्रुवारी २०३८ चं दहा दिवसांचं बिल काढून बघितलं, निघालं.

१६ सप्टेंबर

निवड झाली : आय.एमएक्स ६यूएलएल, इंडस्ट्रियल, मॉड्यूलच्या रूपात. डीडीआरच्या तारा आपण ओढायच्या नाहीत. मॉड्यूल निवडताना विक्रेत्याला विचारलेला पहिला प्रश्न : ईएमएमसीचा रीसेट पाय आणि वॉचडॉगचा इशारा कडेच्या पायांवर बाहेर काढलाय का? दोघांना प्रश्नच कळला नाही, त्यांच्याशी बोलणं तिथं संपलं.

सरांनी शेवटचा मुद्दा काढला. "ग्राहक विचारेल, चार कोअर का नाही?"

"ग्राहक सचिव आहेत, सर. ते कोअर विचारत नाहीत."

"संघाचे संगणक विभागवाले विचारतील."

हे खरं आहे. त्यांच्यासाठी एक पानाचं टिपण करायचं ठरलं : डिमरस्टॅटच्या चाचणीचा आलेख वर, चिपचं नाव खाली.

७ ऑक्टोबर

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत पहिलं युनिट जुन्याच्या शेजारी ठेवलंय, दोन्हींवर तीच मापं. संध्याकाळच्या पाळीत लाईट गेली, रांग उभी. इन्व्हर्टर आमच्या युनिटला मुद्दाम जोडलेला नाही. लाईट आली, युनिट उठलं, शेवटची नोंद फेरॅममधून डेटाबेसात गेल्याचं लॉगमध्ये दिसलं. पुढच्या सभासदाची किटली काट्यावर चढली.

एक नवीन गोष्ट सापडली. थर्मल प्रिंटर गडद ओळ छापताना, म्हणजे देवनागरीच्या शिरोरेघेच्या रांगेत, एकदम मोठा करंट ओढतो आणि ५ व्होल्टची लाइन क्षणभर दबते. इंग्रजी पावतीत अशी सलग काळी रांग क्वचितच येते. ३.३ व्होल्टला अजून धक्का नाही, पण डब्यात लांब केबल वापरली तर लागू शकतो. पुढच्या बोर्डात प्रिंटरला वेगळा कन्व्हर्टर द्यायचा, आणि तोवर फर्मवेअरमध्ये शिरोरेघेची रांग दोन तुकड्यांत छापायची. फेरॅमसाठी दुसरा पुरवठादार शोधणं बाकी आहे. पुढचे बोर्ड आले की डिमरस्टॅटची चाचणी छपाई चालू ठेवून पुन्हा घ्यायची.